जुनी अमेरिकन मोटार : एकाचा छंद, दहा कारागिरांची रोजी

मोटार जुनी झाली की तिच्यासाठी दोनच वाटा असतात, अशी आपली समजूत आहे. एक तर ती स्वस्तात विकायची, नाहीतर भंगारात द्यायची. पण तिसरी वाटही आहे. सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वीची शेवरले, डॉज, प्लिमथ, फोर्ड किंवा ब्युइक कोणी हौशी माणूस विकत घेतो, दोन-तीन वर्षे तिच्यावर काम करून घेतो आणि कारखान्यातून बाहेर पडली तेव्हा ती जशी होती तशी पुन्हा उभी करतो. रोज कामावर जाण्यासाठी त्याला ही गाडी नको असते. वर्षातून चार-सहा वेळा ती रस्त्यावर काढावी, रॅलीत न्यावी, बाकीचे दिवस पुसूनपासून सांभाळावी एवढीच त्याची हौस असते.

या छंदाचा आपल्या वाचकांशी संबंध काय, असा प्रश्न पडेल. संबंध असा की, गाडीचा मालक एक असतो, पण ती उभी करायला डेंटर, रंगारी, फिटर, टर्नर, वायरमन, मुलामेवाला, रेडिएटरवाला, शिलाईवाला, सुतार आणि काचवाला असे दहा हात लागतात. उल्हासनगर कॅम्प ५ आणि त्याला लागून असलेल्या अंबरनाथच्या पट्ट्यात हे दहाही हात चालत जाण्याच्या अंतरात सापडतात. शहरात फर्निचरचे सुतार आहेत, जाड कापड शिवणारे जीन्सचे कारागीर आहेत. अंबरनाथला ऑर्डनन्स फॅक्टरी आणि एमआयडीसी असल्यामुळे लेथकाम व साचेकाम जाणणारी माणसे आहेत. उणीव आहे ती या कामाची शिस्त समजून घेण्याची. प्रस्तुत लेखात तीच मांडण्याचा प्रयत्न आहे.

या गाड्या आपल्याकडे आल्या कशा?

मुंबई हे एके काळी अमेरिकन मोटारींचे माहेरघर होते. जनरल मोटर्सने १९२८ साली शिवडी येथे गाड्या जोडण्याचा कारखाना सुरू केला. फोर्डची भारतातील कंपनी १९२६ ची, तिचेही जोडणीकाम मुंबईत चालत असे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली आणि तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून १९४७ पासून क्रायस्लर कंपनीच्या डॉज, डिसोटो आणि प्लिमथ गाड्या बाहेर पडू लागल्या. जीपची हकीकतही ऐकण्यासारखी आहे. १९४५ साली महिंद्रा बंधू आणि मलिक गुलाम मुहम्मद यांनी मिळून ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ ही पेढी काढली. फाळणीनंतर गुलाम मुहम्मद पाकिस्तानात गेले, तेथे अर्थमंत्री व पुढे गव्हर्नर जनरल झाले. १९४८ साली पेढीचे नाव ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झाले आणि १९४९ साली मुंबईत तिने अमेरिकन विलीज जीप जोडून बाहेर काढली.

पुढे सरकारने धोरण बदलले. ज्यांना सुटे भाग इथेच तयार करायचे असतील त्यांनी राहावे, केवळ जोडणी करणाऱ्यांनी गाशा गुंडाळावा, अशी शिफारस १९५३ च्या टॅरिफ कमिशनने केली. १९५४ च्या सुमारास जनरल मोटर्स आणि फोर्ड दोघांनीही येथील काम बंद केले. आयातीवर निर्बंध आले. रस्त्यावर होत्या त्या गाड्या मात्र तशाच धावत राहिल्या. त्यांचे सुटे भाग मिळेनासे झाले, तेव्हा आपल्या मिस्त्रींनीच मार्ग काढले. पेट्रोल परवडेना म्हणून डिझेल इंजिने बसवली. एका गाडीचा कार्बोरेटर दुसऱ्या गाडीवर चढवला. मिळेल त्या ट्रकची भांडी, मिळेल तो गिअर वापरून टॅक्स्या चालू ठेवल्या. आपल्या भागातील गॅरेजची सगळी हुशारी अशा अडचणीतून घडली आहे.

चालती ठेवणे आणि मूळपदावर आणणे

इथेच पहिला आणि सर्वांत महत्त्वाचा धडा येतो. दुरुस्तीचे दोन प्रकार आहेत. एक म्हणजे गाडी चालती ठेवणे, आणि दुसरा म्हणजे गाडी मूळपदावर आणणे. पहिल्या प्रकारात आपले मिस्त्री जगात कोणाला हार जाणार नाहीत. क्यूबा देशात १९६० नंतर अमेरिकेने व्यापारबंदी घातली. तेव्हापासून तेथील कारागिरांनी पन्नासच्या दशकातील अमेरिकन गाड्या घरगुती सुटे भाग आणि परकी डिझेल इंजिने घालून चालवत ठेवल्या. त्यांची आणि आपली करामत एकाच जातीची.

पण छंदी गिऱ्हाइकाला नेमकी ही करामत नको असते. तो पैसे मोजतो ते गाडीत जे मूळचे आहे ते तसेच राहावे म्हणून. गाडीवर एखादा जादा भोक पाडला, मूळ मीटर काढून नवा बसवला, चेसिस थोडीशी कापली, तर गाडी कदाचित जास्त चांगली चालेल, पण तिची किंमत घसरेल. या धंद्यात कारागिराने काय बदलले नाही यावर त्याची परीक्षा होते.

आता तर कायद्यानेही हाच नियम लावला आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत विंटेज गाड्यांसाठी वेगळी तरतूद केली. पहिल्या नोंदणीला ५० वर्षांहून अधिक काळ झालेली, धंद्यासाठी न वापरली जाणारी दुचाकी किंवा चारचाकी तीत येते. अट अशी की गाडी मूळ स्वरूपात असावी आणि चेसिस, बॉडी व इंजिन यांत मोठा फेरफार केलेला नसावा. अशा गाडीला ‘व्हीए’ अक्षरांची खास नंबरमालिका मिळते. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये व फेरनोंदणीची ५,००० रुपये ठरवण्यात आली. नोंदणी १० वर्षांची असते. गाडी प्रदर्शन, रॅली, तांत्रिक अभ्यास, पेट्रोल भरणे आणि दुरुस्ती यांसाठीच रस्त्यावर आणता येते. रोजच्या वापराला किंवा भाड्याने द्यायला परवानगी नाही. तेव्हा लग्नाच्या वरातीला गाडी भाड्याने देऊन पैसे काढू, असा हिशेब करून जो गिऱ्हाईक येतो त्याला हे आधीच सांगावे. तसेच, डिझेल इंजिन घालून द्या असे तो म्हणाला तर त्याचा परिणामही सांगावा. नंतर नोंदणी अडली तर बोट गॅरेजकडेच दाखवले जाते.

गाडी हाती आल्यावर पहिला आठवडा

नवखा मिस्त्री गाडी आली की पाने घेऊन तुटून पडतो. जाणता मिस्त्री पहिला आठवडा वही आणि कॅमेरा घेऊन बसतो.

१) चेसिस नंबर व इंजिन नंबर कागदपत्रांशी जुळवून पाहावा. न जुळल्यास कामाला हात लावू नये. नंबराच्या जागी घासणे, वेल्डिंग करणे कोणत्याही कारणाने करू नये.

२) साधे लोहचुंबक फडक्यात गुंडाळून सगळ्या पत्र्यावरून फिरवावे. जिथे ते धरत नाही तिथे पत्रा नाही, लांबी भरलेली आहे. यावरून डेंटिंगचा खरा खर्च कळतो.

३) प्रत्येक भाग काढण्यापूर्वी फोटो घ्यावा. बोल्ट, क्लिपा, वॉशर वेगवेगळ्या पिशव्यांत चिठ्ठी घालून ठेवावेत. तुटका भागही फेकू नये, तोच पुढे साच्याचा नमुना होतो.

४) वर्षानुवर्षे बंद असलेले इंजिन एकदम सेल्फ मारून सुरू करू नये. प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडे तेल सोडावे, एक-दोन दिवस मुरू द्यावे आणि मग हँडलने हलक्या हाताने फिरवून पाहावे. टाकीतील जुने पेट्रोल डिंकासारखे झालेले असते, ते आधी काढावे.

५) ब्रेक तपासल्याशिवाय गाडी फूटभरही चालवू नये. त्या काळच्या गाड्यांत मास्टर सिलिंडर एकेरी असतो. एक पाइप फुटला की चारही चाकांचा ब्रेक जातो.

फिटरने लक्षात ठेवावयाच्या गोष्टी

अमेरिकन गाडीचे नट-बोल्ट इंचाच्या मापाचे असतात. आपल्याकडचे पाने मिलिमीटरचे. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर, त्याला १३ चा पाना सैल बसतो आणि नटाचे कोपरे घासून टाकतो. ९/१६ इंच म्हणजे १४.२९ मिलिमीटर, त्याला १४ चा पाना जातच नाही. इंची पान्यांचा एक संच विकत घेणे ही या कामातील पहिली गुंतवणूक होय. आटेही वेगळे असतात, म्हणून जवळपासचा मिलिमीटरचा बोल्ट जोर लावून बसवू नये.

डॉज, प्लिमथ, डिसोटो या गाड्यांच्या डाव्या बाजूच्या चाकांना उलटे आटे असतात. स्टडच्या टोकाला बहुधा इंग्रजी ‘एल’ अक्षर कोरलेले असते. हे ठाऊक नसलेला माणूस नट सोडवतो आहे असे समजून लांब पाइप लावून आवळत जातो आणि शेवटी स्टडच तोडतो.

याच गाड्यांच्या सहा सिलिंडरी इंजिनात वॉटर पंपाच्या मागे, ब्लॉकच्या आत, पाणी वाटणारी पत्र्याची लांब नळी असते. ती गंजली की पुढच्या सिलिंडरला पाणी मिळते, मागचे तापतात. मिस्त्री रेडिएटर साफ करतो, पंप बदलतो, तरी इंजिन तापतच राहते. अशा वेळी पंप काढून नळी तपासावी.

१९५३ पर्यंतच्या बहुतेक शेवरले सहा सिलिंडरी इंजिनांत कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग आजच्यासारखे तयार मिळणारे नसते. रॉडमध्येच व्हाइट मेटल ओतून ते घडवलेले असते, आणि झिजले की मधल्या पातळ पत्र्या काढून जुळवायचे असते. या इंजिनात तेलाच्या दाबाचा काटा कमीच राहतो, ती त्याची घडण आहे, दोष नव्हे. व्हाइट मेटल ओतणे, ते नीट धरले आहे की नाही हे आवाजावरून ओळखणे, आणि मग लेथवर बरोबर मापाला आणणे, हे हुनर आता मोजक्या उस्तादांकडे उरले आहे. त्यांच्या हाताखाली आज कोणी शिकला नाही तर उद्या पैसे देऊनही हे काम करणारा मिळणार नाही.

वायरमनसाठी

शेवरले १९५४ पर्यंत, फोर्ड व क्रायस्लर गटाच्या गाड्या १९५५ पर्यंत ६ व्होल्टच्या होत्या. त्यातही शेवरलेचा निगेटिव्ह अर्थ, तर फोर्ड, डॉज, प्लिमथ यांचा पॉझिटिव्ह अर्थ. बॅटरी जोडण्यापूर्वी हे पाहिलेच पाहिजे.

व्होल्ट निम्मे झाले की तेवढ्याच कामाला करंट दुप्पट लागतो. ६० वॉटचा दिवा १२ व्होल्टवर ५ अँपिअर घेतो, ६ व्होल्टवर १० घेतो. म्हणून या गाड्यांच्या बॅटरीच्या केबल बोटाएवढ्या जाड असतात. आपल्याकडे कोणीतरी मधल्या काळात १२ व्होल्टच्या गाडीची बारीक केबल लावून ठेवलेली असते. मग सेल्फ मंद फिरतो आणि सगळे म्हणतात, सहा व्होल्टमध्ये दमच नाही, बारा करून टाका. जाड केबल घाला, अर्थची जागा घासून चकचकीत करा. बहुतेक वेळा एवढ्यानेच काम होते.

डेंटर, रंगारी आणि मुलामेवाला

डेंटिंगमध्ये हातोडी व डॉलीने पत्रा जागेवर आणणे हे खरे काम. लांबी ही शेवटच्या कागदाएवढ्या उणिवेसाठी, खड्डा भरण्यासाठी नव्हे. गंजलेला भाग कापून तेवढ्याच जाडीचा पत्रा जोडावा आणि गाडीखालून, आतूनही गंजरोधक लावावा. जुन्या रंगात शिसे असते. तो कोरडा घासला तर त्याची धूळ पोटात जाते. पाणी मारून घासावा, तोंडाला चांगला मास्क असावा आणि शिकाऊ पोरांना या कामावर उघड्या तोंडाने बसवू नये.

बंपर, जाळी, हँडल यांवरचा मुलामा तीन थरांचा असतो. खाली तांबे, त्यावर निकल आणि सर्वांत वर क्रोम. क्रोमचा थर अत्यंत पातळ असतो. चकाकी येते ती खालच्या तांब्याला दिलेल्या बफिंगमुळे. जे घाईने क्रोम चढवतात त्यांचे काम दोन पावसाळ्यांत फुगते. चिन्हे व हँडल बऱ्याचदा जस्ताच्या ओतीव धातूची असतात. ती लोखंडासारखी ॲसिडात टाकली तर विरघळून जातात. आणखी एक गोष्ट. क्रोमचे पाणी विषारी असते. आपल्याकडील वालधुनी नदीच्या प्रदूषणाचा प्रश्न न्यायालयांपर्यंत गेलेला आहे. हे काम परवाना असलेल्या आणि सांडपाण्याची सोय असलेल्या कारखान्याकडूनच करून घ्यावे, चार पैसे जास्त गेले तरी चालतील.

शिलाईवाला आणि सुतार

जीन्स शिवणाऱ्याकडे जाड सुईची मशीन आणि सरळ शिवणीचा हात असतो. सीटच्या कामाला याच दोन गोष्टी लागतात. जुने कव्हर फाडून काढू नये. शिवण उसवून तुकडे सपाट करावेत आणि त्यांचाच नमुना धरून नवे कापावे. मूळ सीटमध्ये स्प्रिंग, त्यावर गोणपाट व कापसाची गादी असते. सगळे काढून फोमचा एक ठोकळा टाकला तर सीट उंच होते आणि आकार जातो. तिसाच्या दशकाच्या मध्यापर्यंत शेवरलेच्या बॉडीत पत्र्याच्या आत लाकडी सांगाडा असे. ते काम सुताराचे. दरवाजा नीट लागतो की नाही हे शेवटी त्याच्या सांध्यावर ठरते.

आजचे पेट्रोल आणि जुनी गाडी

आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. त्या काळचे रबर पाइप, पंपाचा पडदा, कार्बोरेटरची पॅकिंगे इथेनॉलसाठी बनवलेली नव्हती. ती मऊ पडतात, फुगतात आणि पेट्रोल गळू लागते. गरम इंजिनावर गळणारे पेट्रोल म्हणजे आग. इथेनॉलला टिकणाऱ्या रबराचे पाइप व पडदे बसवणे ही या छंदातील सर्वांत स्वस्त आणि सर्वांत आवश्यक दुरुस्ती होय. इथेनॉल हवेतील ओल ओढते, म्हणून उभ्या राहणाऱ्या गाडीच्या टाकीत महिनोन्महिने पेट्रोल साठवू नये. ब्रेक ऑइलही ओल ओढते, ते दर दोन वर्षांनी बदलावे.

नक्कल आणि अस्सल

‘मेड इन यूएसए’ म्हणजे ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’, हा विनोद सर्वांनी ऐकलेला आहे. त्यातला टोमणा सोडला तर एक कौतुकही आहे. कोणतीही वस्तू दाखवा, तिच्यासारखी दुसरी बनवून देतील, असा या शहराचा लौकिक आहे. जुन्या गाडीच्या कामात हे कौशल्य मोठे भांडवल ठरू शकते. खिडकीची रबरे, चिन्हे, बटणे, दिव्यांच्या कडा, पॅकिंगे यांचे नवे उत्पादन अमेरिकेत एक मोठा धंदा आहे. तेथील अँटिक ऑटोमोबाइल क्लब १९३५ साली स्थापन झाला आणि त्याचा हर्शी गावचा मेळा जुन्या भागांच्या बाजारासाठी प्रसिद्ध आहे. पण तेथे नवा बनवलेला भाग ‘नवा बनवलेला’ म्हणूनच विकतात. जुन्या साच्यावरून केलेला भाग तसा सांगून विकला तर तो माल आहे. तोच भाग मळवून, गंजवून ‘अस्सल’ म्हणून विकला तर ती फसवणूक आहे. या छंदातील माणसे थोडी आणि एकमेकांच्या ओळखीची असतात. एकाला फसवले की पुढचे दहा दारात येत नाहीत. आपल्या मालावर आपली खूण घालावी, पावतीवर ‘नवीन बनावट’ असे स्पष्ट लिहावे.

चोर बाजारातून किंवा कुर्ल्याच्या बाजारातून जुना भाग आणतानाही विकणाऱ्याची पावती घ्यावी. कुठून आला हे सांगता न येणारा भाग स्वस्त असला तरी घेऊ नये.

हिशेब आणि विश्वास

अशा गाडीचा खर्च पहिल्या दिवशी कोणीच नेमका सांगू शकत नाही. रंग काढल्यावर खालचा पत्रा दिसतो, इंजिन उघडल्यावर झीज कळते. ‘सगळे मिळून इतके’ असा ठोक आकडा सांगणारा गॅरेजवाला एक तर स्वतः बुडतो, नाहीतर काम मारतो. म्हणून कामाचे टप्पे पाडावेत. तपासणी, बॉडी, इंजिन, वायरिंग, रंग, आतील काम. प्रत्येक टप्प्याचा अंदाज लेखी द्यावा, तेवढीच उचल घ्यावी आणि टप्पा पुरा झाल्यावर गिऱ्हाइकाला दाखवून पुढचा सुरू करावा. रोजच्या वहीत तारीख, काम, तास आणि माल लिहावा. ही वही शेवटी फोटोंसह गिऱ्हाइकाला द्यावी. पुढे गाडी विकताना तिला या वहीमुळे भाव येतो आणि वहीवर नाव आपले असते.

दुसऱ्याची गाडी दोन-तीन वर्षे आपल्या शेडमध्ये राहते, ती अमानत आहे. तिचा एखादा मूळ भाग काढून दुसऱ्या गिऱ्हाइकाला देणे, ‘कोणाला कळणार’ म्हणून बदली करणे, हे या धंद्यात सर्वांत वाईट समजले जाते.

सुरुवात कशी करावी?

थेट डॉज किंवा ब्युइकला हात घालू नये. आपापल्या कामातील एकच भाग निवडावा. शिलाईवाल्याने एक सीट करावी, फिटरने एक कार्बोरेटर उघडून जोडावा, वायरमनने एका जीपचे संपूर्ण वायरिंग करावे. जीप शिकायला उत्तम, कारण तिचे भाग अजून मिळतात. मुंबईत विंटेज अँड क्लासिक कार क्लबच्या रॅली भरतात, त्या पाहाव्यात. अहमदाबादजवळ प्राणलाल भोगीलाल यांचा ‘ऑटो वर्ल्ड’ हा मोठा संग्रह आहे. मूळ गाडी कशी असते हे डोळ्यांनी पाहिल्याखेरीज ती तशी करता येत नाही. परिसरातील पाच-सहा कारागिरांनी एकत्र येऊन कामे वाटून घेतली तर मालकाला दहा ठिकाणी हिंडावे लागणार नाही, आणि मोठ्या शहरातले काम आपल्याकडे येईल.

ही कामे संख्येने थोडीच राहतील, त्यावर सगळ्यांचे पोट भरेल असे समजू नये. रोजचे गॅरेज चालू ठेवून, वर्षाकाठी एखादी गाडी नीट करणे हीच शहाणपणाची रीत. पण त्या एका गाडीवर शागीर्द जे शिकेल ते शंभर नव्या गाड्यांवर शिकणार नाही. नवी गाडी बिघडली की भाग बदलतात. जुनी गाडी बिघडली की भाग घडवावा लागतो. घडवणे ज्याला येते त्याच्या हाताला काम कमी पडत नाही.